निम्म्यावर थांबायचं

भूज, १२ जानेवारी

तीर्थरूप नाना, तुमच्या लेकीचा, भूमीचा दुरून नमस्कार.

आम्ही दोघं बरे आहोत. व्हॅनमधला फ्रिज चालू आहे, यांचं इन्सुलिन गार आहे.

मध्यंतरी बॅटऱ्या बाद होऊन फ्रिज बंद पडला, तो माझ्याच चुकीने. लाईट आहे तोवर मोटर चालवायची ही आपली सावद्याची सवय. तशी मी बॅटरी रोज पार संपवत होते. "बेन, रोज तळाला नेली तर टिकेल कशी?" इथला मेकॅनिक म्हणाला.

आता नवी बॅटरी निम्मी उरली की दिवे-पंखे बंद, फक्त फ्रिज चालतो. दिवसा सोलरवर पूर्ण भरू देते. हे परत फिरू म्हणतात, पण रण पाहिल्याशिवाय मी वळणार नाही.

तुम्ही अजून दमून बसेपर्यंत केळीत राबता ना? निम्मी ताकद उरली की घरी येत जा.

तुमची,
भूमिका