काकासाहेबांच्या रानात

अहिल्यानगर,
१४ फेब्रुवारी

रतनअक्का,
धाकट्या भारतीचा नमस्कार. दाजींचा गुडघा बरा आहे का? कोल्हारला कांदा काढायला घेतला असेल.

आमचं तुला ठाऊकच आहे. कारखानदार काकासाहेबांनी डोंगराकडेचं स्वतःचं सगळं रान शहराला बाग म्हणून देऊन टाकलं, तेव्हापासून फाटकाजवळची खोली आमची आणि राखणही आमचीच. बाग कसली, नुसत्या बाभळी, लिंब, चंदन आणि मोर.

तुझा फोन वाजत होता, मी घेतला नाही. पोलिसांनी कळवलं असेल. पण घडलं कसं ते माझ्याकडून ऐक.

सोमवारी बाग बंद असते. भर दुपारी आतून करवतीचा आवाज आला. हे काठी घेऊन पुढे गेले, मी कोयता घेऊन मागे. तोंडाला फडकी बांधलेले तिघं चंदन कापत होते. यांनी एकाची गचांडी धरली आणि त्याच्याकडे बघतच राहिले. त्याने हिसडा देऊन सुटका करून घेतली, पहार उचलली आणि यांच्या डोक्यात घातली. हे पडले, तरी तो मारत राहिला. बरगड्यांवर, तोंडावर.

मी त्याच्या हातावर कोयता चालवला. दोनदा. पहार गळाली, हात मनगटातून लोंबला. बाकीचे पळाले. तिसरा घाव मानेवर घालणार, तेवढ्यात तो म्हणाला, "मावशी, मी हाय."

अक्का, फडक्याखाली तुझा हर्षल होता.

पदर फाडून मीच त्याचा हात आवळून बांधला. बांधता बांधता विचारलं, पडलेल्या माणसाला का मारत होतास?

"काकानं वळखलं हुतं मला," तो यांच्याकडे बघत म्हणाला.

नाव सांगू नको म्हणून तो विनवत राहिला. फौजदारांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, त्याचंही आणि गावाचंही.

त्याचा हात गेला असं कळलं. आणि हे बुधवारी सकाळी गेले. इतका वेळ ते लिहवत नव्हतं.

माती झाली तेव्हा तुला बोलावू दिलं नाही. तू समोर आली असतीस तर मी तुझ्यावरच धावले असते. तिसरा घाव घातला नाही याचा राग येतो. मग आठवतं, बाळंतपणात तुझ्या त्या लेकराला मीच न्हाऊ घालत होते.

दहाव्याला ये. हर्षलची आई म्हणून आलीस तर दार उघडणार नाही. माझी थोरली म्हणून ये, आणि एकटी ये. गळ्यात पडून रडावं असं मला दुसरं कुणी उरलं नाही.

तुझीच,
भारती