साहेबांना पोहता येतं म्हणे

४ मार्च
ह्यांच्या पंच्याहत्तरीला पक्ष पुस्तक काढतोय— 'साहेब, जवळून'. ज्यांनी ज्यांनी साहेबांना जवळून पाहिलं, त्यांच्या आठवणी. दिवाणखान्यात माणसांची नुसती रीघ. चहा करून करून हात दुखले. मला कुणी विचारलं नाही. मी बायको, मी लांबून पाहिलं असेन!

७ मार्च
ह्यांचा शाळासोबती आला होता. साहेबांनी म्हणे भर पुरात उडी मारून बुडत्या मुलाला बाहेर काढलं. माझ्या हातातला ट्रे पडता पडता राहिला. हे? पुरात? अंघोळीची बादली काठोकाठ भरली तर ह्यांना अर्धी ओतून द्यावी लागते!

हेही चक्रावले. "मी? नक्की मीच?" सोबत्याला गहिवरून आलं. "साहेब, हाच तुमचा मोठेपणा!"

"असेल बुवा," म्हणाले हे.

९ मार्च
पूर चढतोय. ड्रायव्हरला आठवलं, साहेब कपडे डोक्यावर बांधून नदी पोहून प्रचाराला गेले होते. मग गाडी कुठे होती रे? तर म्हणे दुरुस्तीला. न्हाव्याने तर कमालच केली— त्याच्या आठवणीत साहेबांनी बुडणारी म्हैस काढली. पुस्तकाचं काम बघणारा पक्षाचा चिटणीस डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, म्हैस जरा जड होतेय. वासरू करू या."

१२ मार्च
जेवता जेवता हे एकदम म्हणाले, "पाणी फार गार होतं."
"कुठलं?"
"पुराचं, दुसरं कुठलं!"


१५ मार्च
शेवटी चिटणिसाला मी आठवले! 'पत्नीच्या नजरेतून'— अर्धं पान. मोठ्या हौसेने लिहायला बसले आणि काही सुचेचना. एवढा संसार झाला, पण आम्ही दोघंच आहोत असं एकही चित्र डोळ्यांपुढे येईना. सभा, दौरे, आणि माणसं, माणसं, माणसं. रडूच कोसळलं.

मग आठवली ती नाव. नवीन लग्न, तळ्यावर आम्ही दोघंच. नाव जराशी हलली मात्र, ह्यांनी माझा हात असा आवळला की बोटं सुजली माझी! "कुणाला सांगू नकोस हं," म्हणाले. नाही सांगितलं आजवर. तेवढे एकच हे माझे होते. आता पंच्याहत्तरीला सांगितलं तर काय बिघडतं? शिवाय हे पोहण्याचं खूळ तरी थांबेल.

१६ मार्च
चिटणीस वाचून पांढराफटक पडला. "वहिनी, हे छापलं तर वासराचं काय करायचं?"

माझं पान गळलं. त्या जागी साहेबांचा पोहतानाचा फोटो हवाय. तसा फोटो नाही म्हटलं, तर म्हणाला, "मग काढू या की!"

२० मार्च
घात झाला. फोटोचं ऐकून ह्यांनीच जाहीर केलं— वाढदिवशी तळं पोहून पार करणार, सगळ्यांसमोर! चिटणिसाची पाचावर धारण बसलीय. मनातून त्यालाही ठाऊक आहेच. पण तोंड उघडेल तर शपथ!

मी अक्षरशः हात जोडले. "अहो, तुम्हाला पोहता येत नाही!" माझी कीव आल्यासारखं बघितलं. "एवढी सगळी माणसं खोटं बोलतील होय?"

बुडेल हो हा माणूस. जीव थाऱ्यावर नाही माझा.

२८ मार्च
हात दुखतोय, पण लिहितेच.

तळ्याच्या धक्क्यावर ही गर्दी! बँड, कॅमेरे, हार. हे चड्डीवर, खांद्यावर टॉवेल, मी शेजारी. हे ऐटीत कडेला गेले, खाली पाण्याकडे पाहिलं— आणि माझा हात धरला. अगदी तसाच! लोक ओरडतायत, "उडी! उडी!" ह्यांनी एक पाय पुढे टाकला. लाजेखातर दुसराही टाकला असता, ओळखते ना मी.

दुसऱ्या हाताने चिटणिसाचा माइक ओढला. "मला पाण्याची फार भीती वाटते हो! हे पाण्यात गेले तर मी इथेच कोसळेन. नका ना जाऊ!"

आणि टाळ्याच टाळ्या! बायकोखातर साहेबांनी तळं सोडलं! चिटणीस हमसून हमसून रडत होता. सुटला बिचारा.

घरी येईपर्यंत गाडीत ह्यांनी हात सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही. बोटं टम्म फुगलीत. पण आज किती वर्षांनी इतकं छान वाटलं!

३१ मार्च
पुस्तक आलं. छपाई थांबवून शेवटी एक आठवण घातलीय, खुद्द ह्यांनी सांगितलेली. नवीन लग्न, तळं, नाव. 'तिने भीतीने माझा हात असा आवळला की माझी बोटं सुजली.'

"आठवतं ना गं?" किती मायेने विचारलं!

सुजल्या बोटांनी पान उलटता येईना.

"असेल बुवा," मी म्हणाले.