पाण्यातला जास्तीचा हरभरा

प्रिय विद्या,

आज तुला लिहायला बसलोय, कारण आज मुक्ता तुझं नाव घेऊन माझ्यावर ओरडली. तू गेल्यापासून आपल्या लेकीच्या तोंडून 'आई' हा शब्द आलाच नव्हता! तुझा विषय निघाला की भरल्या ताटावरून उठायची. पोर आतल्या आत कुढून आजारी पडेल, याचीच मला धास्ती.

सोमवारी तिची रसायनशास्त्राची चाचणी आहे. समीकरणं संतुलित करणं. निम्म्या कर्वेनगरची मुलं तू त्यात पास केलीस आणि घरातली तेवढी राहिली. असं कसं गं केलंस? दुसऱ्या बाईंच्या शिकवणीला ती जात नाही. म्हटलं, आपणच बसू.

तुझं स्टीलचं ताट काढलं. शेंगदाणे म्हणजे हायड्रोजन, हरभरे म्हणजे ऑक्सिजन, एवढं ऐकून माहीत होतं. बाकी तू मला शिकवणीच्या वेळी पेपर देऊन गॅलरीत पिटाळायचीस. एकदा तरी बसवून घ्यायचंस ना!

डावीकडे दोन शेंगदाणे, दोन हरभरे मांडले. उजवीकडे पाणी, म्हणजे दोन शेंगदाणे आणि एक हरभरा. उजवीकडे हरभरा कमी पडला. मी सरळ त्या पाण्यात एक हरभरा टाकला आणि म्हटलं, "झालं की!"

"बाबा, हे पाणी राहिलं का? हे हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमेवर घालायचं औषध झालं! आई सांगायची, पाण्यात काही घालायचं नाही. कमी पडलं तर दुसरं अख्खं पाणी आणायचं, मग डावीकडे बघायचं. येत नाही तर बसलास कशाला?"

आणि रडायला लागली. जवळ गेलो तर हात झटकून खोलीत गेली, दार लावून घेतलं. ताट तसंच पडलंय.

दार वाजवू का गं? की थांबू? तुला विचारल्याशिवाय मी कधी भाजीसुद्धा आणली नाही. हे आता कुणाला विचारू?

उद्या संध्याकाळी ताट पुन्हा मांडीन. मुद्दाम चुकायची गरज नाही, ते मला आपसूक जमतं. ओरडू दे तिला, रडू दे. 'आई सांगायची' एवढं म्हणू दे. मी ताटावरून उठणार नाही, हा तुला शब्द.

तुझा, अजून कच्चाच,
मोहन