बटणांवरच्या टोप्या

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची. पेणहून एसटीने कोलाड, तिथून मिनिडोर रिक्षाने रोह्याच्या रस्त्याला अर्ध्या वाटेवर उतरायचं. पारीताय फाट्यावर उभीच होती. माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि म्हणाली, किती वाळलीस गो नंदे. तिला मी भेटेन तेव्हा वाळलेलीच असते.

पारीताय माझी मावसबहीण. आई गेल्यावर मी तिच्याच झोपडीत वाढले. लहानपणी फटाके वाजले की मी रडायचे, मग ती मागून येऊन माझ्या दोन्ही कानांवर हात दाबून धरायची. आज गावात तुळशीची लग्नं होती, माळा फुटत होत्या, तर तिने चेष्टेत पुन्हा तेच केलं. एवढी मोठी घोडी झाले तरी बरं वाटलं.

यंदा कमळाकरशेठ हमरापूरचा कारखाना उशिरा उघडणार. तोवर गणपती ओतणारी-रंगवणारीने हातावर हात ठेवून बसायचं का? म्हणून पारीतायने ही नोकरी लावून दिली. ती इथे नासिरभाईंच्या घरी स्वयंपाकाला आहे. नासिरभाई कुवेतहून परत आले तेव्हा त्यांनी एक कॅराव्हॅन बनवून घेतली, म्हणजे गाडीला जोडून न्यायचं चाकांवरचं घर. आता ते विटांवर टेकवून नदीकाठी उभं केलंय आणि मुंबईचे पाहुणे त्यात राहायला येतात. इथे सगळे त्याला डबा म्हणतात. डब्याची झाडलोट, पाणी, चादरी हे माझं काम, आणि पाहुणे नसतील तेव्हा राहायचंही त्यातच. आयुष्यात पहिल्यांदा मी एसीत झोपणार आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी नासिरभाईंनी डबा फिरवून दाखवला. छोटा ओटा, छोटं न्हाणीघर, सगळं बाहुलीच्या घरासारखं. माणूस शांत आहे, आवाज चढवत नाही. त्यांची बायको रशिदाभाभी माहेरी गेलीय, ती आली की शिरखुर्मा खायला घालीन म्हणाले.

दाराशी, बरोबर कमरेच्या उंचीवर, बटणांची पाटी आहे. दिवे, पाण्याचा पंप, बाहेरचं कापडी छत, आणि शेवटचं भिंतीचं. खरंच भिंतीचं. पलंगाची अख्खी बाजू मोटरवर बाहेर सरकते आणि खोली मोठी होते. डबा रस्त्याला न्यायचा तर ती बाजू आत घ्यायची. तेव्हा पलंग समोरच्या ओट्याखाली शिरतो आणि भिंत थेट ओट्याला टेकते, मध्ये उशीसुद्धा राहत नाही. बटण खाली दाबलं की भिंत आत, वर दाबलं की बाहेर. एकदा सुटली की टोकाला गेल्याशिवाय थांबत नाही. थांबवायची तर लगेच उलट दाबायचं.

माझं पहिलं काम म्हणजे या बटणांना चुकून धक्का लागणार नाही असं काहीतरी करणं. पाहुणे बॅगा घेऊन आत शिरतात, कुणाची कंबर लागते, कुणाची पाठ. एकाने नुसती पाठ टेकली तर पंप चालू राहून टाकी रिकामी झाली. बाजारातून आणलेली झाकणं मापाची नाहीत. मी म्हटलं, मी करून देते, मापं घेणं आणि साचे काढणं हा तर माझा धंदा. नासिरभाई खूश झाले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

शाडू मळून बटणांवर दाबला आणि चार टोप्या केल्या. कडेला खाच ठेवली, म्हणजे मुद्दाम नख घालून उचलल्याशिवाय निघायच्या नाहीत. ओल्याच बसवून ठेवल्या, जागेवर सुकल्या की माप धरतात. मग त्यावरून साचा घेऊन प्लास्टरच्या ओतीन. नासिरभाईंनी चारचारदा हात लावून बघितलं आणि हसले.

इथली दुपार मला फार आवडते. सकाळी धरणाचं पाणी सोडतात तेव्हा नदीत होड्यांचा नुसता आरडाओरडा असतो. जेवणवेळेनंतर पाणी उतरतं आणि सगळं गप्प होतं.

पारीताय ताट दारातूनच देते. आत ये म्हटलं तर म्हणते डब्यात मळमळतं. अगं, डबा विटांवर आहे, हलतोय कुठे? तरी मळमळतं. मी पोट धरून हसले. दुपारी पलंगावरच पडत जा, थंड असतं, असं मात्र रोज बजावते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज काहीतरी विचित्र झालं. पाणी भरून परत आले तर भिंतीच्या बटणाची टोपी खाली पडलेली आणि भिंत वीतभर आत येऊन अजून सरकतच होती. दार मीच लावून गेले होते. बटण वर दाबलं, भिंत गेली बाहेर.

टोपी उचलून बघितली. शाडू अजून ओला होता. आतल्या बाजूला बटणाचा ठसा असायला हवा, तिथे बोटाचा ठसा होता. बाहेरून कुणी दाबलं असतं तर ठसा बाहेर पडला असता. हा आतून होता. बटणाच्या बाजूने कुणीतरी टोपी ढकलली होती.

माझंच बोट लागलं असेल. लावून बघितलं. माझं सरळ आहे, ठसा वाकडा आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर

कारखान्यात वाढलेल्या माणसाला ठसा दिसला की हात गप्प बसत नाहीत. आज टोप्यांसाठी प्लास्टर कालवलं होतं, त्यातलंच थोडं त्या ठशात ओतलं. ठसा होता नुसत्या टोकाचा. पण सुकल्यावर सोडवलं तर मुळापर्यंत अख्खं बोट निघालं. टोकाशी डावीकडे वळलेलं, नख मधोमध चिरलेलं. एवढ्या उथळ ठशातून एवढं बोट कसं निघेल, ते मला कळत नाही. मी वर्षानुवर्षं गणपतीचे हात ओतत आले आहे.

गंमत म्हणून पारीतायला दाखवलं. तिच्या हातातलं ताट पडलं. नदीत टाक ते, म्हणाली. कुणाचं आहे विचारलं तर म्हणे कुणाचं नाय. कुणाचं असं मी का विचारलं, ते माझं मलाच कळलं नाही. बोट आत आणून फळीवर ठेवलं. केलेली वस्तू मला टाकवत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

प्लास्टरच्या टोप्या बसवल्या. घट्ट. मला स्वतःला काढताना नख दुखलं.

जेवून पलंगावर पडले होते. डोळा लागत होता तेवढ्यात कट् झालं आणि भिंत पलंगासकट मला ओट्याकडे ढकलू लागली. मी पायथ्याकडून उडी मारली, बटण वर दाबलं. टोपी दाराशी पडली होती. बाहेर लख्ख ऊन, कुत्रंसुद्धा नाही.

पारीतायकडे पळाले. ती म्हणाली, झोपेत काढली असशील. माझे हात तिने पदरात धरले. घाबरू नकोस, मी हाय ना, म्हणाली. मला घरी जायचं होतं, पण तिच्या त्या शब्दावर राहिले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

नासिरभाईंना सांगितलं. ते लगेच आले. बटण तपासताना त्यांची नजर फळीवर गेली. हे काशीबाईचं बोट, म्हणाले. हातपंपात सापडून वाकडं झालेलं.

काशीबाई कोण, मी विचारलं. ते माझ्याकडे वळले. पारीने सांगितलं नाय तुला? मी तिला म्हटलं होतं, सगळं सांगूनच आण पोरीला.

माझ्याआधी डबा काशीबाई सांभाळायची. उन्हाळ्यात एका दुपारी ती याच पलंगावर भिंतीत सापडून मेली. पारी तेव्हा विहिरीवर होती, परत आली तर हे दिसलं. काशीबाईने पडल्या पडल्या दिव्याचं समजून भिंतीचं बटण दाबलं असणार, असं पारीने सगळ्यांना सांगितलं. मिस्त्रीला मोटरीत दोष सापडला नव्हता. म्हणूनच या टोप्यांचा खटाटोप. नासिरभाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी माझ्यासमोर मोटरीची तार कापली. आता बाजू कायमची बाहेर राहील, म्हणाले.

ते गेल्यावर मी पलंगावर आडवी झाले आणि हात लांब केला. दारापर्यंत पोचत नाही. बसून पोचत नाही, गुडघ्यावर उभं राहूनही नाही. काशीबाईला पोचणंच शक्य नव्हतं. बटण दुसऱ्याच कुणीतरी दाबलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

विचारलं. पारीतायने आधी नाही म्हटलं, मग भाजी चिरता चिरता सगळं सांगितलं.

दोघी चादरीच्या घड्या घालत होत्या. काशीबाई पलंगावर गुडघे टेकून, पारीताय दाराशी. घडी ताणायला पारीताय दोन पावलं मागे सरकली आणि तिची कंबर बटणाला लागली. एवढंच. चुकून. कुणाच्याही हातून होईल.

मग काशीबाई ओरडली, वरचं दाब गो पारे. बटण पारीतायच्या हाताशी होतं. तिने दाबलं नाही. पळाली. आवाज बंद झाल्यावर परत आली.

मला काय झालं मलाच नाय कळलं, म्हणाली. ते मी समजू शकते. पण मला का आणलंस, विचारलं. तर म्हणे, दुसरी कुणी टिकत नव्हती, नासिरभाई म्हणाले आता तूच डबा सांभाळ. ती नुसती दाराशी गेली तरी बटण आपोआप कट् वाजायचं. मला जावं लागलं असतं गो, म्हणाली.

म्हणून तिच्या जागी मी. जिला तिने भरवलं, न्हाऊ घातलं, ती मी. आणि रोज सांगत होती, पलंगावर पड.

मला काशीबाईची भीती वाटत नाही एवढी हिच्या तोंडाकडे बघून वाटली. उद्या जाते पेणला.

रविवार, १६ नोव्हेंबर

फळीवरचं बोट नाही. मी हलवलेलं नाही.

पिशवी भरली. नासिरभाई रोह्याला निकाहला गेलेत, आले की त्यांना चावी द्यायची आणि निघायचं. चादरी तेवढ्या राहिल्यात —

*

लिहिते आहे कारण दुसरं काही करता येत नाही. पिशवी पलंगावर होती, वही हाताला लागली. फोन दाराशी चार्जिंगला.

पारीताय आली. पहिल्यांदा आत आली. रडत होती. माफ कर म्हणाली, चल, चादरी घडी करून देते. तार कापलेली आहे. मी राग गिळला. ती आत आली याचंच मला बरं वाटलं, मूर्ख मी. मी पलंगावर, ती दाराशी.

तिची कंबर लागली नाही. दोन्ही हात चादरीत होते, मी बघत होते. टोपी आपोआप पडली, घरंगळत गेली. बटणावर बोट होतं. पांढरं, वाकडं. माझ्या हातचं. नुसता ठसा होता तोवर काशीबाई ढकलत होती, मी तिला बोट करून दिलं —

कट्.

तार कापलेली आहे. तरी भिंत आली. मांड्या ओट्याच्या कडेला अडकल्या. मी ओरडले, पारीताय, वरचं दाब. तिने बटणाकडे बघितलं. मग माझ्याकडे. चादर सोडली आणि बाहेर गेली.

भिंत थांबलीय. भिंतीखालच्या रुळात टोपी अडकलीय, माझी प्लास्टरची. मोटर घरघरतेय. पाय कळत नाहीत.

ती माणसं आणायला गेली असेल. गेली असेल ना? माझी पारीताय आहे ती —

ओट्यावरच्या खिडकीतून जांभळीचं झाड दिसतं. खाली बसलीय. कुठेही गेलेली नाही. पाठ माझ्याकडे.

कानांवर हात ठेवलेत. दोन्ही. स्वतःच्या.

रुळात प्लास्टर चुरतंय. बारीक आवाज. थांबतो, पुन्हा —

हाक मारते आहे. ऐकू जाणार नाही म्हणून लिहिते. पारीताय, बटण दाराशीच आहे, तुला फक्त

वरचं दा