हात इथे, रेघ तिथे

प्रिय खारुताई,

तुझं पत्र आणि सोबतचं चित्र, दोन्ही पोचली. चित्रकलेसाठी पहिला टॅबलेट कोणता घेऊ, असं विचारलं आहेस. बारा वर्षं मी छापखान्यात जाहिरातींचे फलक करते, तसल्याच टॅबलेटच्या पाटीवर पेन घासते, तेव्हा योग्य माणसाला विचारलंस. पण हा सल्ला फुकट नाही. शेवटी मला काहीतरी कबूल करायचं आहे, आणि ते वाचून तू मला ताई म्हणशील की नाही या धास्तीनेच लिहायला बसले आहे.

आधी कामाचं. स्क्रीनवाला घेऊ नकोस. दुकानदार तोच गळ्यात मारायला बघेल, पण नवशिक्याला संगणकाला जोडायची साधी काळी पाटी पुरते. हात पाटीवर चालतो आणि रेघ समोर पडद्यावर उमटते. पहिला आठवडा डोकं फिरतं. मी तर तिसऱ्या दिवशी पाटी टेबलावर आपटून तिचे दोन तुकडे केले होते. मालकाने दुसरी दिली ती टेबलाला स्क्रूने आवळूनच. तू धीर धर. हात इथे, रेघ तिथे, यात आपल्याला काय नवीन आहे? बाबांचा पट्टा माझ्या पाठीवर पडायचा आणि चड्डी तुझी ओली व्हायची.

आकार मध्यम घे. लहान पाटीवर सगळा भार मनगटावर येतो. पेन चार्ज न करावं लागणारं बघ, आणि जादा टोकं मागून घे, ती झिजतात. पेन्सिली कुरतडायचीस म्हणून तुला खारुताई नाव ठेवलं होतं, हे पेन तेवढं चावू नकोस. त्याला दाब कळतो. हलकं टेकवलंस तर केसासारखी रेघ येते, दाबलंस तर जाड. दाबाच्या आठ हजार पायऱ्या असल्याचं खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतं, त्याला भुलू नकोस. मला आजही एकच पायरी येते, सगळ्यात जोराची. मी तुझं डोकं नळावर आपटलं होतं आणि तू माझा कान रक्त येईपर्यंत चावला होतास, आठवतं? आपल्या घरात हलका हात कुणाचाच नव्हता. कागदावर मात्र तुझा होता.

तेच कसब नडलं. शाळेच्या प्रदर्शनात तू बाबांचं चित्र लावलंस, उगारलेला हात आणि पट्टा. खाली नाव नव्हतं, तरी अख्ख्या गल्लीने ओळखलं. दुपारी बाबांनी दाराला आतून कडी घातली आणि चित्र कुणी काढलं एवढंच विचारलं. तू म्हणालीस, "ताईनं काढलंय." तू अकराची होतीस, मी पंधराची. त्यांनी मला बक्कलच्या बाजूने मारलं. ओठ फाटला, एक दात जिभेवर आला. तू कोपऱ्यात पेन्सिल चावत बघत होतीस.

त्याच संध्याकाळी बाबांच्या वर्कशॉपच्या शटरखाली तुझा उजवा हात सापडला. तू आत, उंबऱ्याजवळ फरशीवर सांडलेले स्क्रू वेचत होतीस. दोन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत आणि तू चित्र काढणं सोडलंस. आता इतक्या वर्षांनी डाव्या हाताने सुरू करते आहेस, म्हणून हे नीट ऐक. पाटी उलटी फिरव आणि सेटिंगमध्ये डावखुरा निवड, म्हणजे बटणं उजवीकडे येतील. तुझा उजवा अंगठा शाबूत आहे. त्याच्याखाली मागे घ्यायचं बटण ठेव. चुकलेली रेघ एका दाबात जाते.

आता तुझ्या चित्राबद्दल. शटरला दोन्ही हातांनी लोंबकळणारी मुलगी, फ्रॉकवर डाग, पाय जमिनीवरून सुटलेले. चेहऱ्याची जागा कोरी. वाऱ्याने शटर पडलं, असं तूच डॉक्टरांना सांगितलंस आणि सगळ्यांनी मान डोलावली. ते शटर इतकं गंजलेलं होतं की बाबांसारखा आडदांड माणूसही लोंबकळल्याशिवाय खाली यायचं नाही. वाऱ्याने ते कधी हललंसुद्धा नव्हतं. मी तुझा हात बघितला, थांबले, आणि मग अंगाचा सगळा भार टाकला. हाडं मोडल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं. बाबांना वाटत असेल तसंच. दुपारी खोटं होतं तेव्हा ताईनं काढलंय म्हणालीस, आणि संध्याकाळी ताईनंच केलं होतं तेव्हा वाऱ्याचं नाव घेतलंस. एकवीस वर्षं मी त्या वाऱ्याच्या आड लपले. टॅबलेट कोणता घेऊ हे तुला कुणीही सांगितलं असतं. तरी तू मला विचारलंस, आणि सोबत ते चित्र पाठवलंस. कोरी जागा माझी आहे, खारुताई. पाटी आली की तिथे माझा चेहरा काढ. पेन जोरात दाब, आणि मागे घ्यायच्या बटणावरून अंगठा काढून ठेव.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
ताई