आक्का समुद्रावर गेली

आशाचं घर, कोकण
९ फेब्रुवारी २०२५

चि. कुंडलिक यास आक्काचे आशीर्वाद वि. वि.

तू फोन उचलत न्हाईस म्हणून पत्र टाकते. लोणीहून न सांगता लेकीकडं आले याचा राग असंल तर चार दिवस एक भाकरी कमी खा, पोटाला बरं पडंल.

हितं आठवडाभर समुद्राचा उत्सव व्हता. सोमवारी उद्घाटनाचं पावणं आलं तेच तीन तास उशिरा. तवर ओहोटी लागली, सजवलेल्या होड्या गाळात बसल्या. पावण्यांनी गाळालाच नारळ वाढवला आणि भाषण केलं. बुधवारी होड्यांची शर्यत झाली. पहिला कोण, ह्यावर अजून भांडणं चालूच. शुक्रवारी स्वयंपाकाची स्पर्धा. मी मासवडी केली. परीक्षकबाई विचारतीया, यात मासा कोणता? बेसन म्हणल्यावर तिचं तोंड बघायला पायजे व्हतं. तरी तिसरा नंबर दिला. काल आशाच्या दवाखान्यातल्या नर्सबायांसंगं होडीतून किल्ल्यावर गेले. जाताना डोळे मिटून, येताना उघडे. साठाव्या वर्षी समुद्र बघितला. लई मोठा हाय रं.

तुझ्या अश्विनीच्या साखरपुड्याची तयारी कळव. राग जिरला की लोभ करावा.

तुझी आक्का

पिंपरी पेंढार
१३ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास कुंडलिकचा शि. सा. न.

पत्र पोहोचले. तुझा वाळूवर फुगडी घालतानाचा व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवरही पोहोचला. दाजींना जाऊन अकरा वर्षे झाली म्हणून काय झाले, आपली पायरी सांभाळावी.

२ मार्चला साखरपुडा आहे. पन्नास माणसे येतील. मासवडीचा रस्सा तुझ्यासारखा कोणाला जमत नाही, तरी दोन दिवस आधी यावे. फक्त ओटी भरताना तू आत चुलीपाशी थांब. मुलाकडचे पेठचे पाहुणे जुन्या विचारांचे आहेत. गैरसमज नसावा.

कुंडलिक

कोकण
१७ फेब्रुवारी २०२५

चि. कुंडलिक यास,

गैरसमज न्हाई, चांगलाच समज झाला. माझ्या हाताचा रस्सा चालतो, हात चालत न्हाई.

गेल्या साली मेळाव्यात माईक धरून तू विधवांना मान द्यायची शपथ सगळ्यांना दिलीस. पेपरात फोटो आला. तो मी लोणीत घरोघर दाखवला, माझा भाऊ म्हणून. आता कुणाला काय दाखवू?

अश्विनीची आई बाळंतपणात आजारी पडली, तवा त्या पोरीला तीन महिने मी न्हाऊ घातलं. तिची ओटी भरायला मिळाली तर येईन, न्हाई तर आचारी बघ. हितं मला कुणी आत थांब म्हणत न्हाई.

आशीर्वाद पोरीला. तुला नंतर बघू.

आक्का

पिंपरी पेंढार
२२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास अश्विनीचा सा. न. वि. वि.

पप्पा तुझं पत्र दोनदा वाचून मळ्यात निघून गेले. मग मी वाचलं आणि ऋषीला फोन लावला. त्याच्या घरचं कुणी काहीच बोललेलं नाही. बोलतील कसे? त्याची आई झुंबरबाई स्वतः विधवा आहेत, आणि माझी ओटी त्याच भरणार आहेत. तुमच्याकडून कोण भरणार, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगून मोकळी झाले.

जेवताना पप्पांना हे सगळं ऐकवलं. पप्पा म्हणाले, पाहुण्यांचं नाव उगाच घेतलं, भीती भावकीची वाटली. आई म्हणाली, माईकवरची शपथ एकदा घरातही घ्या. पप्पांनी ताटातलं वांगं बराच वेळ कुस्करलं. सकाळी उठून बाजारात गेले आणि आचारी ठरवून आले. तुझ्यासाठी साडीही आणली आहे, हिरवी. निवड त्यांची आहे, हसू नकोस.

तू चुलीकडे फिरकायचं नाहीस. माझ्याजवळ बसायचंस. येशील ना? तुझ्याशिवाय मी पाटावर बसणार नाही.

लोभ आहे तो वाढवायलाच ये.

तुझी अश्विनी

ता. क. बस किती वाजता पोहोचते ते कळव. स्टँडवर मी येतो. चुकलो. — कुंडलिक