ओहायोचा कायदा आणि पासिर रिसची संसद

पासिर रिस, सिंगापूर

तीर्थस्वरूप निशिकांतराव यांच्या चरणी श्रीरामचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण आमच्या हॉलमध्ये तेवढं आडवं व्हायला आधी सोफा उचलावा लागतो.) इकडे सगळं ठीक. तुमची तब्येत कशी आहे, हे यावेळी रीत म्हणून विचारत नाही. गणपतीत तिकडे ओहायोत तुमची नोकरी गेली, मार्चमध्ये हृदयात दोन स्टेंट बसले, आणि यातलं काहीही तुमच्या आईंच्या कानावर जाता कामा नये अशी शपथ तुम्ही तुमच्या बहिणीला, मेधाला, आणि मला घातलीत, हे आम्ही विसरलेलो नाही. ज्या कायद्यामुळे जुनं दुखणं असूनही तुम्हाला विमा मिळाला तोच कायदा रद्द व्हावा असं तुमचं ठाम मत आहे, तेही लक्षात आहे. माणसाने आपल्या मताला चिकटून राहावं, मग हृदय काय म्हणायचं ते म्हणो.

फोन न करता पत्र का, असं वाटेल. मी ऑफिसातून आलो की माझा फोन तुमच्या भाचीकडे, जाईकडे जातो, आई इथे आल्यापासून मेधाचा दिवसभर त्यांच्याकडे असतो, आणि फॅमिली ग्रुपवर काही टाकावं तर चिंचवडच्या मावशींचा अंगठा आधी उमटतो. टपाल तेवढं आता खाजगी उरलं आहे.

तर झालं असं. इथल्या पूर्व भागातल्या मराठी घरांचं आमचं एक मंडळ आहे, ते महाराष्ट्र दिनाला अभिरूप संसद भरवतं. गेल्या वर्षीचा विषय होता मोदक उकडीचे की तळणीचे, आणि त्यातून दोन घरांचं बोलणं बंद झालं ते अजून बंदच आहे. म्हणून यंदा सभापती दिलीप सरपोतदार (हे पूर्वी जहाजावर चीफ इंजिनियर होते, त्यामुळे खोलीतल्या माणसाशीही इंजिनच्या आवाजावर मात करून बोलतात) म्हणाले की असा विषय घ्या, ज्याच्याशी इथल्या कुणाचं काडीइतकं देणंघेणं नाही. भारताचं राजकारण नको, डोकी फुटतात. सिंगापूरचंही नको, आपण कामाच्या पासवर राहणारी माणसं, पाहुण्याने यजमानाच्या आमटीला नावं ठेवू नयेत. मग कुणीतरी अमेरिकेचा आरोग्य कायदा सुचवला, तो रद्द करावा की ठेवावा. सगळ्यांना पटलं. ना आपलं मत तिथे, ना आपलं दुखणं तिथे. मी आणि मेधा एकमेकांकडे बघायचं टाळून हो म्हणालो.

चिठ्ठ्या टाकल्या तर रद्द करा ही बाजू मला आली आणि ठेवा ही मेधाला. नवरा-बायको समोरासमोर आले म्हणून मंडळी खूश. (घरी हे रोज चालतं, पण घरी कुणी घंटा वाजवून तिला खाली बसवत नाही.) मुद्द्यांसाठी मी साहजिकच तुमच्याकडे आलो, आणि तुम्ही असा व्हॉइस मेसेज पाठवलात की पासिर रिसला गाडीत बसताना सुरू केला तो पाऊण तासाने ऑफिससाठी बुओना व्हिस्टाला उतरलो तरी चालूच होता. कुठेही धाप लागली नाही, हे ऐकून मेधाला फार बरं वाटलं.

तुमचे मुद्दे मी जसेच्या तसे मांडले. सरकारने रोग्याच्या खाटेपाशी येऊ नये, धडधाकटांनी आजाऱ्यांचे हप्ते का भरावेत, वगैरे. आधी रद्द करू आणि पर्याय नंतर बघू, हा मुद्दा मला स्वतःला राहतं घर पाडून मग भाड्याची जागा शोधण्यातला वाटला, पण सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. बहुतेक सभागृह चाळिशीच्या आतलं, कंपनीच्या विम्यावरचं. त्यांना नंतर हा शब्द आवडतो.

मग मेधा उठली. तिने आकडे बाजूला सारले आणि एक माणूसच उभा केला. नाव घेतलं नाही (शपथ मोडली नाही असं ती अजूनही म्हणते). बासष्टीचा, ओहायोत राहणारा, नोकरी गेलेली, हृदयात दोन स्टेंट, पासष्टीच्या सरकारी विम्याला अजून अवकाश. एवढ्यावर थांबली असती तर निभावलं असतं. पण ऐकणारे माना डोलवायला लागले की तुमच्या घराण्यात कुणाला थांबता येत नाही. ती म्हणाली, अहो, पोह्यातले शेंगदाणे एकेक करून बाजूला काढणारा आणि शेवटी सगळे एकदम तोंडात टाकणारा साधा माणूस आहे तो, त्याने कुणाचं काय बिघडवलंय?

आई पहिल्या रांगेत होत्या, एसी सोसत नाही म्हणून शाल गुंडाळून. त्यांनी शाल काढली, नीट घडी करून मांडीवर ठेवली आणि हात वर केला. त्यांचा प्रश्न असा होता की, त्या माणसाच्या आईला हे ठाऊक आहे का. दिलीपरावांनी, त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नाही, प्रश्न विषयाला सोडून आहे असा निर्णय दिला. मेधा खाली बसली आणि माझ्या ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं. तेवढ्यात मतदान झालं, कारण मागे बटाटेवडे गार होत होते. तुमचा कायदा प्रचंड बहुमताने रद्द झाला. विरोधात आईंनी दोन्ही हात वर केले होते, त्यांतला एकच धरला गेला. जाई मला म्हणाली, पा, यू सो मीन लाह (हे लाह म्हणजे इथल्या इंग्रजीचं शेपूट). मला वडा गेला नाही, हे खरंच सांगतो.

परतीच्या एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, आई शाल पुन्हा गुंडाळून बसल्या. टॅम्पिनीस स्टेशन गेल्यावर मीच म्हणालो की, अहो, हे सगळं लुटुपुटूचं असतं, आमच्या मतांनी तिकडे पानसुद्धा हलत नाही. त्या म्हणाल्या, "लुटुपुटूचंच होतं ना, श्रीरामराव? मग तेवढं तरी माझ्या मुलाविरुद्ध कशाला दिलंत?"

आता परिस्थिती अशी आहे. गुपित मेधाने फोडलं, पण आमच्या घरच्या राज्यघटनेप्रमाणे गुन्हेगार मी आहे. आई तुम्हाला काही विचारणार नाहीत. त्याला वाटतंय ना मला ठाऊक नाही, मग वाटू दे, त्याला आणखी घोर नको, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी त्यांनी सभासदांना एकेक करून चहाला बोलवायला सुरुवात केली आहे. लिटिल इंडियातून चण्याची डाळ आणि गूळ आणवला, पुरणपोळी खाऊन माणूस खाली लिफ्टपाशी पोचेपर्यंत त्याचं मत बदललेलं असतं. तुमच्या वॉशिंग्टनमध्ये हे काम करायला माणसं पगारावर ठेवतात म्हणे.

संजीवनीवहिनींना नमस्कार. लोभ आहेच, फक्त तो कुठल्या सभागृहात मताला टाकू नये.

आपला,
श्रीराम

ता. क. महिनाअखेरच्या रविवारी संसद पुन्हा भरते आहे. यावेळी चिठ्ठ्या नाहीत, कायदा ठेवा या बाजूने मी बोलायचं असं आईंनी ठरवलं आहे. तरी त्या बाजूचे मुद्दे लगोलग पाठवावेत. तुमच्याकडे असणारच, तुम्ही त्यांच्यावरच जगताय.

आणखी ता. क. पहिल्या वेळचे मुद्दे तुमचे होते, हे मी आईंना सांगितलेलं नाही. जावई मुलाविरुद्ध बोलला, हे त्या गिळतील.

शेवटचं. काल जिन्यात आई जरा थांबल्या, मी पिशवी घेतली, तेव्हा म्हणाल्या की स्टेंटचं काही एवढं भ्यायचं नसतं, संक्रांतीच्या सुमारास त्यांनाही एक बसवला. तुम्हाला आणि मेधाला तेव्हा गुडघ्यासाठी केरळला जाते म्हणून सांगितलं होतं. मला सांगितलं, कारण मी पोटचा नाही, रडत बसणार नाही म्हणून. तुम्हाला सांगायचं नाही अशी मलाही शपथ घातली आहे. तेव्हा रविवारी तुम्ही आईंना फोन कराल आणि नेहमीप्रमाणे दोघंही ठणठणीत असाल. तुम्हाला काही ठाऊक आहे असं दाखवू नका. फक्त दोघांपैकी कुणीतरी एकाने आधी विचारा, गोळी घेतलीस का.